शेती विभागातून रहिवास विभागात: नगरपालिकेच्या हद्दीत जमिनीचा झोन बदलण्याची प्रक्रिया

नगरपालिकेच्या हद्दीत एकर-दोन एकर शेती असलेल्या कुटुंबात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. आजूबाजूला घरं झाली, रस्ता आला, पाण्याची लाइन शेजारपर्यंत पोचली, पण आपली जमीन कागदोपत्री अजून शेती विभागातच. ती 'यलो झोन'मध्ये कशी आणायची? कायद्यात याचं उत्तर आहे आणि ते समजायला वकील असावं लागत नाही. पण गावात ते सांगणारे बहुतेक वेळा जमिनीच्या व्यवहारात रस असलेलेच असतात. त्यामुळे लोक अर्धवट माहितीवर विसार देतात, घर बांधतात आणि मग नोटीस हातात आल्यावर कागद शोधतात. हे टळावं म्हणून संपूर्ण प्रक्रिया क्रमाने मांडतो आहे. ती महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना धरून आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. झोनबदल म्हणजे तुम्हाला मिळणारी परवानगी नव्हे. ती शहराच्या मंजूर विकास योजनेत, म्हणजे डीपीमध्ये, राज्य शासनाने केलेली दुरुस्ती असते. त्यामुळे 'माझी गरज' हा मुद्दा तिथे फारसा चालत नाही. 'या भागात रहिवास वापर असणं शहराच्या दृष्टीने योग्य का' हे दाखवावं लागतं. फेटाळलेले बरेच प्रस्ताव इथेच कमी पडलेले असतात.

झोन, आरक्षण आणि एनए

हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून थोडं स्पष्ट करतो.

झोन म्हणजे विकास योजनेने त्या पट्ट्यासाठी ठरवलेला वापर: रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक-निमसार्वजनिक, शेती किंवा ना-विकास, हरित पट्टा. नकाशावर रहिवास विभाग पिवळ्या रंगात आणि शेती हिरव्या रंगात दाखवतात, त्यावरूनच 'यलो' आणि 'ग्रीन' हे बोलीतले शब्द आले.

आरक्षण म्हणजे शाळा, बाग, भाजी मंडई, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा. तुमच्या जमिनीवर आरक्षण असेल तर प्रश्न झोनबदलाचा नाही आणि रस्ताही वेगळा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकाला खरेदी सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत जागा संपादित झाली नाही किंवा संपादनाची कायदेशीर पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. मात्र आरक्षण उठलं म्हणजे जमीन आपोआप रहिवास विभागात येते असं नाही. लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय आहे तोच मिळतो.

एनए, म्हणजे अकृषिक वापर, हा महसूल खात्याचा विषय. तो जमीन महसूल संहिता, १९६६ खाली येतो. झोन नगररचनेचा, एनए महसुलाचा. संहितेतल्या कलम ४२-ब आणि ४२-ड सारख्या सुधारणांमुळे मंजूर विकास योजनेतल्या किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला एनए मिळवणं बरंच सोपं झालं. पण तिथेही जमिनीचा झोन काय हे पाहिलंच जातं. 'एनए करून देतो, झोनचं बघू नका' असं कोणी सांगत असेल तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.

पहिलं पाऊल: झोन दाखला आणि भाग नकाशा

गट नंबर देऊन नगरपालिकेच्या नगररचना विभागाकडे झोन दाखला आणि भाग नकाशा मागावा. छोट्या पालिकेत स्वतंत्र नगररचनाकार नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी नगररचना विभागाचं शाखा कार्यालय असतं, तिथून तो मिळतो. अर्जाला ताजा सातबारा आणि गट नकाशा जोडावा लागतो. शहराच्या जुन्या भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते.

दाखला हातात आल्यावर नुसतं 'शेती विभाग' वाचून पुढे जाऊ नका. पूर्ण गट त्या विभागात आहे की काही भाग? डीपी रस्ता जमिनीतून जातो का? पूररेषा लागते का? पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतल्या जमिनीचा झोन रहिवास होईल ही आशा सोडलेली बरी. ती जमीन पाण्याची आहे.

दाखला कोणत्या योजनेच्या आधारे दिला आहे तेही बघा. त्यावर योजनेच्या मंजुरीचा शासन निर्णय किंवा अधिसूचना क्रमांक आणि तारीख असते. हद्दवाढ झालेल्या शहरांत इथे मोठा घोळ होतो. जमीन पालिकेच्या हद्दीत आली, घरपट्टी सुरू झाली, पण वाढीव हद्दीची विकास योजना अजून मंजूर नसते. तोपर्यंत तिथे प्रादेशिक योजनेतलाच झोन लागू असतो आणि बदलाची प्रक्रियाही वेगळ्या कलमाखाली चालते.

बदल लागतोच का?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तो न विचारल्यामुळे काही कुटुंबांची वर्षं वाया जातात.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. मुंबई महानगरपालिका आणि इतर काही क्षेत्रं वगळता ती राज्यभर लागू आहे आणि जवळपास सगळ्या नगरपालिका तिच्याखाली येतात. शेती विभागातसुद्धा अनुज्ञेय असलेल्या वापरांची एक मोठी यादी तिच्यात आहे. शेतघर, शेतीपूरक उद्योग, गोदाम, शैक्षणिक आणि वैद्यकीय संस्था, पेट्रोल पंप, कृषी पर्यटन अशा अनेक गोष्टी अटींसह झोन न बदलता करता येतात. रस्त्याची रुंदी, किमान क्षेत्र, चटई क्षेत्र निर्देशांक यांच्या अटी प्रत्येक वापराला वेगळ्या आहेत. तुम्हाला शाळा काढायची असेल किंवा स्वतःपुरतं शेतघर बांधायचं असेल, तर आधी ही यादी एखाद्या परवानाधारक अभियंत्याबरोबर बसून वाचा. झोनबदल खरा लागतो तो प्लॉट पाडायचे असतील किंवा रहिवासी इमारती उभ्या करायच्या असतील तेव्हा.

कधी कधी चूक नकाशाचीच असते. आधीच्या योजनेत जमीन रहिवास विभागात होती, सुधारित नकाशा काढताना रेषा सरकली आणि शासनाच्या मंजुरीत त्या बदलाचा उल्लेखही नाही. असा संशय असेल तर जुन्या आणि नव्या योजनेचे भाग नकाशे, योजनेचा अहवाल आणि मंजुरीची अधिसूचना माहितीच्या अधिकारात मागवून घ्या. चूक सिद्ध झाली तर मागणी दुरुस्तीची करावी, झोनबदलाची नाही. दुरुस्तीत अधिमूल्याचा (झोनबदलाच्या मंजुरीसाठी भराव्या लागणाऱ्या रकमेचा) प्रश्न उद्भवू नये, ही बाजू ठामपणे मांडता येते.

तीन वाटा

पहिली वाट विकास योजनेच्या सुधारणेची. नगररचना अधिनियमाच्या कलम ३८ प्रमाणे २० वर्षांतून किमान एकदा विकास योजना सुधारित करावी लागते. पालिका इरादा जाहीर करते, विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण होतं, मग कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि साधारण ३० दिवस हरकती-सूचना घेतल्या जातात. नियोजन समिती सुनावणी घेते आणि योजना शासनाकडे जाते. या टप्प्यावर जमीनमालकाने केलेल्या सूचनेला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि संपूर्ण पट्ट्याचा विचार एकत्र होतो. म्हणून तुमच्या शहराची योजना कोणत्या वर्षी मंजूर झाली हे आधी शोधा. सुधारणेची वेळ जवळ आली असेल तर मी कोणालाही हीच वाट सुचवेन. सर्वेक्षणाची माणसं येतात तेव्हा हजर राहा, जमिनीचा आजचा वापर नीट नोंदवला जातो का पाहा आणि प्रारूप प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून मुदत मोजायला लागा. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जावर सुनावणीचा हक्क सांगता येत नाही.

दुसरी वाट कलम ३७ ची, मंजूर विकास योजनेतल्या फेरबदलाची. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

तिसरी वाट कलम २० ची. जमीन प्रादेशिक योजनेत असेल तर फेरबदल शासन स्वतः करतं. तिथे पालिकेचा ठराव हा प्रक्रियेचा पाया नसतो, जिल्ह्यातल्या नगररचना कार्यालयाचा अहवाल महत्त्वाचा ठरतो.

प्रस्ताव बांधणे

कलम ३७ मध्ये एक मर्यादा आहे: फेरबदलामुळे विकास योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. तुमचा प्रस्ताव वाचणारा प्रत्येक अधिकारी हा प्रश्न मनात ठेवूनच वाचतो. चारही बाजूंनी शेती विभाग आणि मधोमध एकच गट पिवळा करा अशी मागणी असेल, तर ती एका मालकाच्या फायद्याची दिसते. याउलट जमीन सध्याच्या रहिवास विभागाला लागून असेल, मधून डीपी रस्ता जात असेल आणि शेजारचे मालकही बरोबर असतील, तर तोच बदल शहराची नैसर्गिक वाढ म्हणून मांडता येतो. म्हणून शेजाऱ्यांशी बोला. चार-पाच लगतच्या गटांचा एकत्रित प्रस्ताव एकट्या गटापेक्षा भक्कम असतो, कारण रस्ते, गटारं आणि मोकळ्या जागा यांचं नियोजन त्यात सलग दाखवता येतं.

कागदांची तयारी मालकीपासून सुरू होते. सातबारा, आठ-अ, मागच्या फेरफारांच्या नोंदी आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी 'क' प्रत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ ते पाहा. वर्ग २ (हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली जमीन) असेल, इनाम-वतनाची नोंद असेल किंवा इतर हक्कात कुळकायद्याच्या कलम ४३ चं बंधन लिहिलेलं असेल, तर महसूल खात्याची परवानगी हा स्वतंत्र विषय आहे. तो मार्गी लावायला उशीर लागतो, तेव्हा त्याचा अर्ज समांतर सुरू करा. सहहिस्सेदारांच्या संमत्याही आत्ताच घ्या. बहिणींची नावं सातबाऱ्यावर आहेत आणि त्यांना विचारलंच नाही, यावरून सुनावणीच्या दिवशी हरकत येते, आणि ती रास्तच असते.

नकाशे तीन लागतात: मंजूर विकास योजनेच्या भाग नकाशावर प्रस्तावित जागा दाखवलेला, दुसरा मोजणीशी जुळणारा जागेचा, आणि तिसरा आजूबाजूचा आजचा वापर दाखवणारा. तिसरा नकाशा लोक टाळतात, खरं तर प्रस्तावाचा जीव त्यातच असतो. कुठे वस्ती झाली, पाण्याची टाकी किती अंतरावर, शाळा कुठे, नाला कोणत्या दिशेने वाहतो हे त्यावर दिसलं पाहिजे.

सोबतच्या टिपणात भावनिक मजकूर नको. पोहोच रस्ता मंजूर आहे का आणि किती रुंद? पाणी कुठून येणार आणि त्याला पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचं पत्र आहे का? सांडपाण्याचं काय? जमिनीला कालव्याचं पाणी मिळतं का? सिंचनाखालच्या सुपीक जमिनीचा वापर बदलण्याला शासन सहजासहजी तयार होत नाही, आणि तो विरोध योग्य आहे असं माझं मत आहे. जमीन लाभक्षेत्रात येत असेल तर पाटबंधारे खात्याचा अभिप्राय आधीच जोडा. वरून उच्चदाब वीजवाहिनी जात असेल किंवा रेल्वे, वन, संरक्षण खात्याची हद्द लागत असेल, तर त्या-त्या खात्याचंही तसंच.

पालिकेतून मंत्रालयापर्यंत

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने द्यावा आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडावं. नगररचना विभाग छाननी करून टिप्पणी तयार करतो आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे जातो. पालिकेवर प्रशासक असेल तर प्रशासकीय ठराव होतो. ठरावाची भाषा वाचून घ्या: गट नंबर, क्षेत्र, कोणत्या विभागातून कोणत्या विभागात आणि कलम ३७(१) खाली पुढच्या कार्यवाहीचे अधिकार कोणाला. एक गट नंबर चुकला तर पुढची प्रत्येक नोटीस चुकीची निघते.

ठराव झाल्याच्या दिवशी गावात पेढे वाटले जातात, जाहिरातींचे फलक लागतात. कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी जमीन होती त्याच विभागात असते. नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवूही शकतात.

यानंतर कलम ३७(१) ची सूचना राजपत्रात आणि पालिका ठरवेल त्या अन्य रीतीने, सहसा वर्तमानपत्रात, प्रसिद्ध होते. हरकती-सूचनांसाठी एक महिना असतो. फेरबदलाची झळ ज्यांना लागणार त्यांना स्वतंत्र नोटीसही द्यावी लागते. हरकती आल्या तर सुनावणी होते. सुनावणीला स्वतः जा आणि उत्तर लेखी द्या, कारण शासनाकडे जाणाऱ्या प्रस्तावात हरकतदाराचं म्हणणं आणि त्यावरचा पालिकेचा अभिप्राय हे दोन्ही रकान्यांत मांडलेलं असतं. तोंडी बोललेलं त्यात येईलच असं नाही.

सूचना राजपत्रात आल्यापासून एक वर्षाच्या आत पालिकेने प्रस्ताव शासनाला सादर करायचा असतो. तो केला नाही तर प्रस्ताव व्यपगत होतो आणि नव्याने सुरुवात करावी लागते. छोट्या पालिकेत नगररचनाकाराची बदली झाली, पद रिकामं राहिलं, फाइल कपाटात राहिली, असं घडतं. म्हणून ही तारीख तुम्ही स्वतः लिहून ठेवा आणि सहा महिने झाले की लेखी स्मरणपत्र द्या.

प्रस्ताव नगर विकास विभागाकडे गेला की तिथून तो अभिप्रायासाठी संचालक, नगररचना, पुणे यांच्याकडे जातो. ते विभागीय सहसंचालक आणि जिल्हा कार्यालयाकडून स्थळपाहणीचा अहवाल मागवतात. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि त्रुटी निघतात त्याही इथेच. त्रुटीचं पत्र पालिकेला येतं, तुम्हाला नाही. पालिकेत चौकशी करत राहण्याचा खरा उपयोग या काळात आहे. पूर्ण प्रक्रिया महिन्यांत संपेल या हिशेबाने कर्ज काढू नका. वर्षांच्या हिशेबाने चाला.

शेवटी शासन कलम ३७(२) खाली प्रस्ताव मंजूर करतं, बदल करून मंजूर करतं किंवा नाकारतं. मंजुरी बहुतेक वेळा अटींसह येते. अधिमूल्य हे त्यातलं मुख्य. ते वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याशी, म्हणजे रेडी रेकनरशी, जोडलेलं असतं. दर वेळोवेळी बदलतात, तेव्हा प्रस्ताव देण्याआधीच त्या वर्षीचा दर काढून आपल्याला झेपेल का ते बघा. सुविधांसाठी जागा सोडणं, पायाभूत सुविधा स्वखर्चाने करणं अशा अटीही असू शकतात.

कायद्यात कलम ३७(१कक) सुद्धा आहे. लोकहितासाठी तातडीची गरज असेल तर शासन स्वतःच सूचना काढून फेरबदल करतं. खाजगी मालकाने त्या भरवशावर राहू नये.

विकत घेणाऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी काय पाहावं

प्लॉट विकणारा माणूस राजपत्राची प्रत दाखवतो तेव्हा त्यावर कोणतं कलम आहे ते वाचा. ३७(१) असेल तर ती फक्त हरकती मागवणारी सूचना आहे. ३७(२) असेल आणि सोबत अनुसूची आणि नकाशा असेल तरच फेरबदल मंजूर झालेला आहे. दोन्ही कागद एकसारखेच दिसतात, दोन्हीवर राजमुद्रा असते. या एका फरकापायी गुंठ्या-गुंठ्याने जमीन घेतलेल्या कष्टकरी माणसांची आयुष्यभराची बचत अडकते, म्हणून हे पुन्हा सांगतो: कलम वाचा, आणि अधिसूचनेनंतरच्या तारखेचा नवा झोन दाखला स्वतः पालिकेतून काढा.

शेजारचा झोन बदलतो आहे आणि त्याने तुमच्या विहिरीवर, नाल्यावर किंवा वहिवाटीच्या रस्त्यावर परिणाम होणार असेल, तर एक महिन्याच्या आत लेखी हरकत द्या. 'आमचा विरोध आहे' एवढ्याने काही होत नाही. गट नंबर, नाल्याचा फोटो, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं याची नोंद आणि तुम्हाला काय हवं ते लिहा. पूर्ण विरोध नसेल तर अट मागता येते: नाल्याला इतकी जागा सोडा, रस्ता जोडून द्या. अशा नेमक्या हरकतींची दखल मंजुरीच्या अटींत घेतली जाऊ शकते.

प्रस्ताव नाकारला गेला तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. न्यायालय कार्यपद्धती नीट पाळली का हे पाहतं आणि रखडलेल्या प्रस्तावावर निर्णय घ्यायला सांगू शकतं. झोन कोणता असावा हे सहसा ते स्वतः ठरवत नाही. म्हणून नकाराची कारणं मिळवून, त्रुटी दूर करून नव्याने प्रस्ताव देणं किंवा योजना सुधारणेची वाट पाहणं हे पर्याय आधी तपासावेत.

मंजुरीनंतर

अधिसूचनेतली अनुसूची मोजणीशी ताडून पाहा: गट नंबर, क्षेत्र, हद्दी. चूक असेल तर शुद्धिपत्रकासाठी लगेच पालिकेमार्फत कळवा. अधिमूल्य चलनाने, दिलेल्या मुदतीत भरा आणि पावती जपा. ते भरल्याशिवाय पुढची परवानगी मिळत नाही.

त्यानंतर नवा झोन दाखला घेऊन रेखांकनाचा (प्लॉट पाडण्याच्या लेआउटचा) अर्ज करायचा. जमीन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल तर १० टक्के खुली जागा सोडावी लागते. अंतर्गत रस्ते, गटारं, दिवे मालकाने करून द्यायचे असतात आणि ती कामं झाल्यावरच अंतिम रेखांकन मंजूर होतं. अकृषिक वापरासाठी महसूल खात्याकडे त्या वेळी लागू असेल ती पूर्तता करायची. मग प्लॉटचे स्वतंत्र उतारे निघतात आणि बांधकाम परवानगीचा अर्ज करता येतो. परवानगी मिळाल्यापासून एक वर्षात काम सुरू झालं नाही तर दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते, आणि तीही फार तर आणखी तीन वर्षं मिळते. पैशांची जुळणी पूर्ण झालेली नसेल तर बांधकाम परवानगीची घाई न करता आधी रेखांकन अंतिम करून घ्यावं.